चार दिवसांची वास्तू फोटोत कशी उभी करावी?

"प्रत्यक्षात काय भारी होतं, फोटोत काहीच आलं नाही." डिझाइनच्या प्रदर्शनाहून परतलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. फोन महागातला, उजेड चांगला, हातही थरथरत नाही, तरी फोटोत बांबूचा तो देखणा मंडप एखाद्या पडू घातलेल्या पत्राशेडसारखा दिसतो. याचा दोष बहुतेक वेळा फोनचा नसतो. आपण कुठे उभे राहिलो आणि फोन कसा धरला, यातच सगळी गोम असते. ती एकदा कळली की महागडी लेन्स घ्यायची हौस बरीच कमी होते.

पुण्यात थंडी पडायला लागली की अशा प्रदर्शनांचे दिवस येतात. आर्किटेक्चर कॉलेजची अंगणं, येरवड्याचं क्रिएटिसिटी, चिंचवडच्या ऑटो क्लस्टरचे हॉल, कुठे ना कुठे काहीतरी मांडलेलं असतं. त्यात मॉडेल आणि शीट असतातच, पण गर्दी जमते ती मांडणशिल्पांभोवती. बांबू, कापड, प्लायवूड, विटा, आरसे, पुठ्ठ्याच्या नळ्या, हाताला लागेल ते घेऊन उभारलेली, आत शिरता येईल अशी रचना. पुतळ्याभोवती आपण फिरतो, इथे आपण आतून जातो. आणि फोटोला नेमकं हे 'आतून जाणं'च जमत नाही.

आपण एखाद्या जागेत शिरतो तेव्हा डोळे सतत हलतात, मान वळते, पाय चालतात, आणि मेंदू हे सगळं जोडून जागेचं एक चित्र तयार करतो. वर बघताना भिंती एकमेकींकडे कलतात, पण मेंदूला माहीत असतं की भिंत सरळ आहे, म्हणून तो तिकडे लक्षच देत नाही. कॅमेऱ्याला एकच डोळा, एकच क्षण आणि एकच जागा. तो जे दिसलं ते तसंच्या तसं कागदावर मांडतो. त्यामुळे आपल्याला कधी न जाणवलेला कल फोटोत ठळक दिसतो, आणि जाणवलेली उंची मात्र गायब होते.

मग एवढा खटाटोप करायचा कशाला, असं कोणी विचारेल. रविवारी संध्याकाळी प्रदर्शन संपतं, सोमवारी टेम्पो येतो आणि बांबू परत जातात. नंतर जे काही उरतं ते फोटोतच. 1929 साली बार्सिलोनाच्या जागतिक प्रदर्शनात मीस व्हान डेर रोह या जर्मन आर्किटेक्टने जर्मनीचा एक छोटासा पॅव्हिलियन, म्हणजे प्रदर्शनापुरती उभारलेली इमारत, बांधला. तो वर्षभरही उभा नव्हता, 1930 मध्ये उतरवला गेला. पुढची पन्नासहून अधिक वर्षं जगभरचे आर्किटेक्ट त्या वास्तूवर बोलले, लिहीत राहिले, तिच्यासारखं बांधत राहिले, ते मुख्यतः मोजक्या काळ्यापांढऱ्या फोटोंच्या आणि नकाशांच्या जोरावर. 1983 ते 1986 या काळात ती त्याच जागी पुन्हा बांधली. आज आपण तिथे जाऊन उभे राहू शकतो, पण त्या दगडांचे रंग मूळच्या फोटोंत नव्हतेच.

आपल्याकडेही तेच. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी 1961 साली दिल्लीच्या औद्योगिक प्रदर्शनात हिंदुस्तान लीव्हरसाठी घड्या घातलेल्या काँक्रीटचा एक पॅव्हिलियन केला होता. तो आता फोटोंत आणि रेखाटनांत भेटतो. आर्किटेक्ट राज रेवाल यांचं दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं 1972 चं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शन-दालन तर कायमचं म्हणून बांधलं होतं, तेही एप्रिल 2017 मध्ये पाडलं.

तेव्हा मांडणशिल्पाचा फोटो काढताना स्वतःला एकच विचारायचं: ज्याने हे कधीच पाहिलं नाही, त्याला यावरून कळेल का की ते केवढं होतं, कशाचं होतं, आत कसं शिरायचं आणि उजेड कुठून यायचा? बाकी सगळ्या युक्त्या याच्या पोटातल्या.

ओळंबा

गवंडी भिंत बांधताना ओळंबा सोडतो. फोटोतही तेच करायचं. इमारतीच्या उभ्या रेषा फोटोत उभ्या राहण्यासाठी एकच अट आहे: कॅमेऱ्याची पाठ भिंतीला समांतर हवी. फोन थोडा जरी मागे कलला, म्हणजे आपण 'वरचं पण येऊ दे' म्हणून तो वर केला, की रेषा वर जाताना जवळ येतात आणि रचना मागे कोसळतेय असं वाटतं. फोनच्या कॅमेऱ्यात ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा, सुरू करा, बऱ्याच फोनमध्ये पातळी दाखवणारी रेघही असते. रचनेतला एक उभा बांबू ग्रिडच्या उभ्या रेषेला लावून पाहा. दहापैकी आठ फोटो एवढ्यानेच सुधारतात.

पण मग वरचा भाग कापला जातो, त्याचं काय? इथे थोडं गणित उपयोगी पडतं. फोनचा मुख्य कॅमेरा उभा आणि अगदी सरळ धरला, तर रचनेपासून तुम्ही जितके मीटर लांब, त्या प्रत्येक मीटरमागे तुमच्या फोनच्या उंचीच्या वर साधारण 70 सेंटिमीटर दिसतं. आता समजा मंडप 4 मीटर उंच आहे आणि फोन छातीशी, दीड मीटरवर धरलाय. 2 मीटरवरून पाहिलंत तर 1.5 अधिक 1.4, म्हणजे 2.9 मीटरपर्यंतच दिसेल. शेंडा कापला जाणार. 4 मीटर मागे गेलात तर 1.5 अधिक 2.8, म्हणजे 4.3 मीटर. पूर्ण मंडप आला, वर थोडं आभाळही आलं, आणि फोन जराही कलवावा लागला नाही.

यात एक तोटा आहे. वर जेवढं दिसतं तेवढंच खालीही दिसतं, त्यामुळे फोटोचा खालचा जवळजवळ पाव भाग नुसती फरशी असते. ती कापून टाका. 12 मेगापिक्सेलच्या फोटोतले 9 उरले तरी भिंतीवर लावण्याजोगी मोठी प्रिंट निघते.

व्यावसायिक छायाचित्रकारांची 'शिफ्ट लेन्स' हेच काम करते, फक्त काहीही वाया न घालवता. ही लेन्स गरजेपेक्षा मोठं चित्र तयार करते आणि कॅमेरा सरळ ठेवून लेन्स तेवढी वर सरकवली की फरशीऐवजी शेंडा फ्रेममध्ये येतो. निकॉनने 35 एमएम कॅमेऱ्यासाठी अशी लेन्स 1962 साली आणली. त्याआधी भात्याच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्यात पुढची फळी वर सरकवून हेच करायचे. किंमत ऐकली तर विकत घेण्याचा विचार आपोआप मागे पडतो. आपली कात्री पुरते.

नंतर ॲपमध्ये जाऊन रेषा सरळ करता येतातच, पण त्यात फोटोचा वरचा भाग ताणला जातो. थोडा कल असेल तर खपून जातं. जास्त असेल तर मंडपाचं प्रमाणच बिघडतं आणि ज्याने तो बांधलाय तो लगेच ओळखतो.

आणखी एक सोपा मार्ग म्हणजे स्वतः वर जाणं. फोन रचनेच्या निम्म्या उंचीवर आला की वरचं आणि खालचं सारखं दिसतं, काही कापावं लागत नाही. कॉलेजच्या अंगणातली प्रदर्शनं याला फार सोयीची, कारण भोवती पहिल्या मजल्याचा व्हरांडा किंवा निदान जिना असतो. ड्रोनचा मात्र नाद सोडा. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, शिवाय खडकी, कॅम्प, खडकवासला अशा लष्करी हद्दी सगळीकडे. पुण्यात उडवण्याआधी नकाशा आणि परवानगी पाहण्यातच प्रदर्शन संपेल.

'पॉइंट फाइव्ह'चा मोह

जागा कमी पडली की सगळे 0.5 चं बटण दाबतात. दोन मीटरवरून अख्खा मंडप येतो, काम झालं. पण रुंद लेन्स दोन गोष्टी करते. कडेची वस्तू बाहेरच्या बाजूला ताणते. कडेला उभ्या असलेल्या मैत्रिणीचं डोकं अंड्यासारखं लांबतं आणि गोल दिवा लंबगोल होतो. दुसरं म्हणजे, जवळचं फार मोठं आणि लांबचं फार लहान दिसतं, त्यामुळे दहा फुटी खोलीचा दिवाणखाना होतो. फ्लॅटच्या जाहिरातींत हीच युक्ती असते आणि प्रत्यक्ष फ्लॅट पाहायला गेल्यावर जो धक्का बसतो तो पुणेकरांना वेगळा सांगायला नको.

एक गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही, पण खरी आहे. दूरचं-जवळचं यांचं प्रमाण लेन्स ठरवत नाही, तुम्ही कुठे उभे आहात ते ठरवतं. एकाच जागेवरून 0.5 ने आणि 1 ने फोटो काढा आणि पहिल्याचा मधला भाग कापून दुसऱ्याशी ताडून पाहा. दोन्ही सारखेच दिसतील. 0.5 फक्त आपल्याला फार जवळ उभं राहायची मुभा देतं आणि सगळा बिघाड त्या जवळ उभं राहण्याचा असतो. म्हणून आधी पाय मागे न्या, भिंतीला पाठ टेकेपर्यंत, आणि तरीही जमलं नाही तरच 0.5 वापरा. वापरलंत तर माणसं मधोमध ठेवा आणि फोन काटेकोर सरळ धरा, कारण रुंद लेन्समध्ये थोडासा कलही दुप्पट दिसतो.

उलट, 2 किंवा 3 चं बटण दाबून लांबून काढलेले फोटो मला जास्त विश्वासार्ह वाटतात. एकामागे एक उभ्या कमानी, दोऱ्यांचे पदर, विटांच्या जाळीच्या ओळी लांबून घट्ट बसतात आणि रचनेची लय कळते.

उजेडाची खिचडी

खरी कसोटी हॉलच्या आत लागते. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: आकडा कमी तर पिवळा, जास्त तर निळसर. दारातून दिवसाचा उजेड येतो, तो साधारण 5500 केल्विन. छताच्या ट्यूबा 'कूल डेलाइट', म्हणजे 6500. मांडणशिल्पावर सोडलेले पिवळे स्पॉट 3000. आपल्या डोळ्याला हे सगळं पांढरंच वाटतं, कारण मेंदू जुळवून घेतो. कॅमेऱ्याला एका वेळी एकच पांढरा रंग निवडता येतो. त्याने स्पॉट पांढरा मानला की दाराकडची बाजू निळी पडते, दार पांढरं मानलं की प्लायवूड नारिंगी होतं. आणि आपोआप ठरवू दिलं तर एक फोटो पिवळा, पुढचा निळा, असा सगळा संच एकमेकांशी न बोलणारा निघतो.

उपाय सरळ आहे: उजेडाचे प्रकार कमी करा. तिथल्या स्वयंसेवकाला गोड बोलून पाच मिनिटं ट्यूबा बंद करायला सांगा. हॉल उघडताना पहिल्या अर्ध्या तासात गेलात तर ते सहज ऐकतात, संध्याकाळच्या गर्दीत कोणी ऐकणार नाही. ते नाही जमलं तर फोनच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे आकडे स्वतः ठरवता येतात त्या मोडमध्ये, जाऊन मांडणशिल्पावर पडणाऱ्या उजेडात एक कोरा ए-फोर कागद धरा, तो पांढरा दिसेपर्यंत केल्विनचा आकडा हलवा आणि मग तो आकडा शेवटच्या फोटोपर्यंत तसाच ठेवा. कोपऱ्यातली भिंत थोडी निळी राहिली तर राहू दे. सगळे फोटो एकाच जागेचे वाटले पाहिजेत.

एलईडीच्या पट्ट्या असल्या की आणखी एक भानगड उद्भवते: फोटोवर फिकट-गडद पट्टे उठतात. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होत असतात. डोळ्याला ते दिसत नाही. पण फोनचा सेन्सर चित्र एकदम न घेता ओळीओळीने वाचतो, आणि शटर फार जलद असेल, समजा सेकंदाचा 1/1000 भाग, तर काही ओळी दिवा तेज असताना वाचल्या जातात, काही मंद असताना. शटर 1/100 किंवा 1/50 ठेवलं की प्रत्येक ओळीला दिव्याची पूर्ण उघडझाप मिळते आणि पट्टे जातात. डिमर लावलेल्या पट्ट्यांची उघडझाप वेगळ्या गतीने चालते. तिथे 1/25 पर्यंत खाली या आणि फोन कशावर तरी टेकवा. भाद्रपदात शहरभर फिरताना गणपतीच्या देखाव्यांवर याचा सराव होतो. प्लाय, कापड आणि हजारो एलईडी, दहा दिवसांत उतरणारी वास्तू, भोवती ही गर्दी. यापेक्षा अवघड परीक्षा कुठलंही डिझाइन प्रदर्शन घेत नाही.

फ्लॅश बंद. त्याचा उजेड समोरून येतो आणि सगळा पोत सपाट करतो, शिवाय दोनेक मीटरपलीकडे त्याचा जीवच नसतो. पोत दाखवायचा तर उजेड तिरपा हवा. सुतळीने बांधलेला बांबूचा एखादा जोड घ्या. समोरून पाहिला तर तपकिरी गोळा. बाजूने, खिडकीच्या उजेडात पाहिला तर सुतळीचा प्रत्येक वेढा, त्याची सावली, आत खुपसलेलं टोक आणि पेराजवळ बांबूला गेलेली बारीक चीर, सगळं वेगळं दिसतं. लेझरने कापलेल्या एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची, कड जळून चॉकलेटी झालेली असते, तीही अशाच उजेडात कळते. ही रचना हाताने झाली की मशीनवर, घाईत झाली की निवांत, हे सांगणारे फोटो हेच. लोक मात्र लांबूनचा एक, स्वतःसकट एक, एवढ्यावर निघून जातात.

उघड्यावरच्या रचनांसाठी डिसेंबर-जानेवारीसारखा काळ नाही. डिसेंबरात पुण्यात भर दुपारी, साडेबाराच्या आसपाससुद्धा सूर्य साधारण 48 अंशांपर्यंतच चढतो. म्हणजे 3 मीटर उंच जाळीची सावली पावणेतीन मीटर लांब पडते, तीही उत्तरेकडे. दक्षिणेला जाळी असलेल्या मंडपात दुपारीही जमिनीवर नक्षी मिळते. मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर असतो आणि त्याच मंडपाची सावली पायाशी गोळा होते. रचनेला आतून दिवे असतील तर सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटं धरा. डिसेंबराच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आकाशात निळा उजेड शिल्लक असतो, आतला पिवळा उठून दिसतो, आणि दोन्ही कॅमेऱ्याच्या आवाक्यात असतात. त्यानंतर आकाश काळं झालं की दिवे तेवढे पांढरे डाग म्हणून उरतात. असे डाग दिसले तर स्क्रीनवर त्या दिव्यावरच बोट टेकवा आणि उजेड कमी करा. अंधारलेला भाग नंतर उजळता येतो, पांढरा फटक पडलेला परत आणता येत नाही.

आरसे आणि चकचकीत ॲक्रिलिक सध्या फार चालतात. आरशात तुम्ही दिसणारच, म्हणून थोडं तिरपं उभं राहा आणि गडद कपडे घाला. काचेवरची चकाकी पोलरायझर फिल्टरने, म्हणजे लेन्सपुढे लावायच्या एका खास काचेने, कमी होते, काचेकडे तिरकस पाहत असाल तेव्हा सर्वात जास्त. समोरासमोर उभं राहिलात तर काही उपयोग नाही, आणि धातूचा मुलामा दिलेल्या आरशावर तो चालतच नाही. बारीक जाळीवर फोटोत लाटा उठल्या तर पाऊलभर मागेपुढे व्हा.

माणसं हवीतच. माणसाशिवाय चार मीटरचा मंडप आणि चाळीस सेंटिमीटरचं मॉडेल फोटोत सारखंच दिसतं. गर्दी नको असेल तर फोन टेकवून शटर अर्धा सेकंद ठेवा. चालणारे पुसट होतात, उभा राहिलेला एकजण स्पष्ट उरतो. नाइट मोड इथे सावधपणे वापरा. तो बरेच फोटो एकावर एक चढवतो आणि वाऱ्यावर हलणारं कापड त्यात दुहेरी होतं.

एकाच फोटोत सगळं कोंबायचा अट्टहास नको. लांबून एक, तोंडाशी एक, आत शिरल्यावर डोळ्यांच्या उंचीवर एक, मान वर करून छताचा, एक-दोन जोड, आणि मागून एक. मागची बाजू कोणी काढत नाही, पण रचना कशाच्या आधारावर उभी आहे ते तिथेच कळतं: वाळूच्या गोण्या, तार, कोपऱ्यात लपवलेला लोखंडी पाइप. उभारणीच्या दिवशी जाता आलं तर फारच छान. लंडनचा क्रिस्टल पॅलेस 1851 च्या प्रदर्शनानंतर हलवून सिडनहॅमला पुन्हा उभारला, तेव्हा फिलिप हेन्री डेलामोट या छायाचित्रकाराने ते काम 1852 ते 1854 या काळात टिपलं. ती इमारत 1936 मध्ये जळाली; तिचा सांगाडा कसा जोडत गेले हे त्याच्या फोटोंत अजून पाहता येतं.

सरावासाठी प्रदर्शनाची वाट पाहायची गरज नाही. जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराच्या आवारात तो गोल नंदीमंडप आहे, बेसाल्टात कोरलेला. जाडजूड चौकोनी खांब, वर गोल छत, आत गडद सावली, बाहेर कडक ऊन. फोन सरळ धरून त्याला एकदा भोवती फेरी मारा. कलणारे खांब, पांढरं फटक पडलेलं आकाश, काळाकुट्ट गाभा, सगळ्या अडचणी एकाच जागी भेटतात, आणि तिकीट नाही.

हा फोटो कोणाचा?

फोटो काढणं आणि तो छापणं, विकणं या वेगळ्या गोष्टी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 सांगतं की वास्तुकृतीचा फोटो काढणं आणि प्रसिद्ध करणं हा भंग नाही. शिल्पाच्या बाबतीत मात्र अट आहे: ते सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांना जाता येईल अशा जागी कायमचं असायला हवं. चार दिवसांचं मांडणशिल्प यांतलं नक्की काय, वास्तू की शिल्प, यावर वकील वाद घालू शकतात. आपण घालू नये. स्वतःच्या संग्रहासाठी कोणी अडवत नाही. मासिकात, जाहिरातीत किंवा फोटो विकणाऱ्या स्टॉक साइटवर द्यायचा असेल तर ज्यांनी रचना केली त्यांना आणि आयोजकांना विचारा.

उलट बाजूही आहे. एखाद्या आर्किटेक्टने पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतले आणि वेगळा करार झाला नाही, तर कलम 17 प्रमाणे कॉपीराइट त्याचा होतो, तुमचा नाही. नवखे छायाचित्रकार इथे हमखास फसतात. दोन ओळींचा मेल आधी लिहून घ्या.

रचनेशेजारच्या पाटीचाही एक फोटो काढा, वाचता येईल असा: नावं, साहित्य, मापं, तारीख. पुढे कोणी फोटो मागितला तर कोणाला श्रेय द्यायचं ते त्यावरून कळतं. आणि ज्या विद्यार्थ्यांनी ते बांधलं त्यांना फोटो पाठवा. रात्र-रात्र जागून बांधताना त्यांच्यापैकी कोणाला कॅमेरा काढायची शुद्ध नसते, त्यामुळे पोर्टफोलिओत टाकायला त्यांच्याकडे बहुतेक वेळा काहीच नसतं. फक्त व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून टाकलात तर तो दाबून एवढासा होतो आणि छापायच्या कामाचा राहत नाही.